परंतुची जागा

खडे बाजारच्या मागच्या बोळात, गिरणीला लागून, आमचा छापखाना.
शाईवर पिठाचा थर, पिठात शाईचे ठसे.
तिथं एकोणीस वर्षं मी देसूरकरांची परीक्षणं जुळवली,
'चित्रकौल' पाक्षिकासाठी, उलट्या अक्षरांत, उभ्यानं.
घरात आमच्या कन्नड. मराठी मी बोटांनी शिकलो,
आरशात बघून भांग पाडावा तशी.

त्यांचे शब्द मला वजनावरून कळायचे.
'हृदयस्पर्शी'तला हृ इतक्यांदा लागायचा
की त्याचा पाय झिजला, कागदावर लंगडायला लागला;
कोल्हापूरहून नवा मागवला, तो दोन दिवाळ्या टिकला.
'प्रामाणिक प्रयत्न' आलं की समजायचं, पिक्चर पडला.
'नवोदित नायिका आश्वासक' : नाव विसरलेत.
'छायाचित्रण नेत्रसुखद' म्हणजे मध्यंतरानंतर डुलकी.
'एकदा पाहायला हरकत नाही' :
थिएटरवाल्यानं चहाबरोबर भजीही सांगितली होती.
आणि कधी पित्त खवळलं, तर एवढंच :
'पडद्यावर पंखा फिरतो. बाकी कुणी हललेलं आढळलं नाही.'
ती ओळ जुळवताना मी ओठ मिटून हसलो,
मालक समोरच बसलेले.

मग तो 'परंतु'.
कायम तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी,
अंधारात पायरी चाचपणाऱ्या पायासारखा.
त्याच्या आधी सगळं साजूक,
त्याच्यानंतर लिंबू.

एका मार्चात देसूरकर सिव्हिलमध्ये पडले.
सातव्या पानावर दीड कॉलम कोरा.
होनगेकर मालक म्हणाले, "जाहिरात नाही, लेख नाही,
आणि तू काय करूलाईस उभा?"
मी जुळवायला लागलो.
कागद नाही, पेन नाही, सरळ स्टिकमध्येच,
न बघितलेला पिक्चर.
पोस्टर तेवढं बघितलं होतं, सायकलवरून, तेही अर्धं फाटलेलं.
नायिका आश्वासक. छायाचित्रण नेत्रसुखद. परंतु.
खाली : नि. दे.

निपाणीहून एका वाचकाचं कार्ड आलं,
'नेहमीप्रमाणे समतोल.'

अंक घेऊन दवाखान्यात गेलो.
देसूरकरांनी चष्मा पुसला, भिंग मागितलं,
दोनदा वाचलं, सलाईनचा हात पानावर ठेवून.
"बसवाण्णी, परंतु लवकर आणलास की रे.
आधी थोडं प्रेम करायचं असतं,
खोटं का होईना."
मग बराच वेळ छताकडे.
"वाचताना मलाच वाटलं, हा मी बघितलाय."

त्या रात्री मलप्रभा टॉकीज, शेवटचा खेळ.
सगळी मिळून बारा-तेरा माणसं.
पुढच्या रांगेत हुक्केरीकडची एक सून
सासूच्या कानात पिक्चर उलटा करत होती, मराठीतून कन्नडात,
मी खिळे उलटे लावतो तितक्या सरावानं.
"ईग अळताळ नोड्री," आता रडेल बघा.
नायिका रडली.
पोस्टरवर होती तितकी काही आश्वासक नव्हती ती,
नाकात बोलायची.

मग एक लांब जागा आली.
ती बाई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडतेय,
बाहेर जीप थांबल्याचा आवाज,
आणि तिचा हात खडा धरून तसाच.
सासूनं विचारलं, काय म्हणते?
सून जरा अडखळली.
"एनू इल्लत्ती. सुम्न कुंताळ."
काही नाही हो, अत्ती. गप्प बसलीय.
म्हातारी 'हूं' म्हणाली
आणि पदराचं टोक डोळ्यांकडे गेलं.

अंधारात माझी बोटं शर्टाच्या खिशात
उगाच अक्षरं शोधत राहिली.

सकाळी छापखाना उघडल्या उघडल्या
केसमधला खालचा, कोपऱ्यातला खण ओढला.
'गप्प'मधला प्प.
देसूरकरांना तो फारसा कधी लागलाच नाही.
कडा शाबूत, शाई न चढलेला,
अंगठ्याला जरा टोचला.
पुढच्या अंकात काय लावायचं ते होनगेकरांनी अजून सांगितलं नव्हतं.
शेजारी गिरणी सुरू झाली,
आणि मी तो खिळा तळहातावर घेऊन उभा.